कोचने पोराला नारळ दिला. पत्रावर सही करू का नको?

हिमगौरी | मंगळवार, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांपलीकडे फिरकत नाही, पण आज झोप लागत नाहीये म्हणून इथे आले. लांबण लागणार आहे, आधीच माफी मागते.

आम्ही मिनेसोटात बावीस वर्षं आहोत. इथे नुसतं 'हॉकी' म्हटलं की ती बर्फावरचीच. आमचा लेक सहाव्या वर्षापासून खेळतो. पहाटे साडेपाचची रिंक, बाहेर उणे वीस, गाडीत डब्यात पोळीचा लाडू, अशी आमची वर्षं गेली. आता तो एका कॉलेजच्या संघात दुसऱ्या वर्षाला आहे. (कॉलेज कोणतं ते सांगणार नाही, विचारू नका.)

गेल्या गुरुवारी कोचने संघातल्या एका मुलाला काढून टाकलं. तो आमच्या लेकाचा जुना दोस्त, ज्युनियरपासून एकत्र खेळलेले. आमच्याकडे कित्येकदा राहिलाय. लेक मला 'आई' अशी हाक मारतो ते ऐकून त्याला ते माझं नावच वाटलं, तेव्हापासून तोही 'आई'च म्हणतो. वरणभातावर लिंबू स्वतः मागून घेतो.

आम्हा पालकांना आलेली ईमेल दोन ओळींची. संघाच्या नियमांचा भंग झाल्यामुळे अमुक यापुढे संघात नाही. याविषयी आणखी काही सांगण्यात येणार नाही. दुपारपर्यंत संघाच्या पानावरून फोटोसुद्धा गायब.

कुजबूज अशी की, ऑक्टोबरच्या शेवटी मुलांच्या भाड्याच्या घरात पार्टी झाली, त्यात पहिल्या वर्षाच्या पोरांना जबरदस्तीने प्यायला लावलं, आणि एकाची तब्येत बिघडली. ते घर ज्या तिघांच्या नावावर आहे त्यात हा एक. म्हणजे यानेच केलं का, ते कोणालाच ठाऊक नाही. काही पालकांनी ॲथलेटिक डायरेक्टरला (कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखाला) पत्र लिहिलंय: मुलाला परत घ्या, नाहीतर निदान कारण तरी सांगा. चौदा घरांच्या सह्या झाल्या आहेत. त्याच्या आईचा काल फोन आला, बोलता बोलता रडायला लागली.

लेकाला विचारलं तर तो एवढंच म्हणाला, "आई, सही करू नकोस." पुढे गप्प. नवरा म्हणतो, आपण कशाला पडायचं त्यात.

तुम्ही काय केलं असतंत?

फोडणीची_पोळी | बुधवार, सकाळी ७:१०

हिमगौरी, आधी झोप पाहू. आणि लिंबाचं वाचून मलाच भरून आलं.

नाकतोडा | बुधवार, सकाळी ७:३२

एकच प्रश्न. पोरगा कितव्या लाइनवर खेळायचा?

हिमगौरी | बुधवार, सकाळी ७:४०

चौथ्या, म्हणजे सगळ्यात शेवटच्या फळीत. या मोसमात गोल शून्य. का?

नाकतोडा | बुधवार, सकाळी ७:४४

मग झालं की. पहिल्या लाइनचा असता तर 'चौकशी चालू आहे, निष्कर्ष काढण्याची घाई करू नये' अशी ईमेल आली असती. नियम हे चौथ्या लाइनसाठीच असतात, जगात सगळीकडे.

चार्ल्सकाठ | बुधवार, सकाळी ९:०५

नाकतोडा, तुमचं हे वाक्य ऐकायला छान आहे, पण नेहमीच खरं नसतं. मी बॉस्टनमध्ये वीस वर्षं आहे, त्यातली पहिली काही बॉस्टन युनिव्हर्सिटीत विद्यार्थी म्हणून काढली. डिसेंबर २०११ मध्ये तिथल्या हॉकी संघातल्या शेवटच्या वर्षाच्या एका खेळाडूला अटक झाली. प्रकरण वसतिगृहातल्या एका मुलीच्या तक्रारीचं होतं. त्या वेळी संघात सगळ्यात जास्त गोल त्याच्याच नावावर होते. कोच जॅक पार्कर यांनी त्याला लगोलग संघाबाहेर काढलं. पार्कर म्हणजे साधं नाव नव्हे. १९७३ पासून तिथेच, तीन राष्ट्रीय विजेतेपदं (१९७८, १९९५, २००९), निवृत्त झाले तेव्हा ८९७ विजय. १९८० च्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला हरवणारा कर्णधार माइक इरुझिओनी हा त्यांचाच विद्यार्थी.

पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. फेब्रुवारीत आणखी एका खेळाडूला अटक झाली. (त्याच्यावरचे आरोप पुढे सरकारी वकिलांनी मागे घेतले, हे सांगायला हवं.) मग विद्यापीठाच्या अध्यक्षांनी समिती नेमली. सप्टेंबर २०१२ मध्ये तिचा अहवाल आला, आणि त्यात पोरांपेक्षा संघाच्या वातावरणावरच बोट ठेवलेलं होतं: आपण हॉकीपटू म्हणजे आपल्याला सगळं माफ, अशी समजूत. पार्कर कोच राहिले, पण क्रीडा विभागातलं मोठं पद गेलं. पुढच्याच मोसमानंतर ते निवृत्त झाले.

तेव्हा कँटीनमध्ये आम्ही सगळे 'पार्करनी किती तडकाफडकी कारवाई केली' म्हणून कौतुक करत होतो. एकाला काढलं की खोली स्वच्छ झाली असं वाटतं. अहवाल आल्यावर कळलं की केर खोलीतच होता.

नाकतोडा | बुधवार, सकाळी ९:२०

मान्य. पण मग तुमच्याच उदाहरणाप्रमाणे कोचचा निर्णय बरोबर आणि तरी अपुरा, असंच ना? मग हिमगौरीताईंनी सही कशावर करायची?

काळाकोट | बुधवार, सकाळी १०:४८

थोडं कायद्याचं. मी शिकागोत वकिली करतो, क्रीडा कायदा माझा विषय नाही, पण एक-दोन पक्षकार आले होते.

कोच 'कारण सांगणार नाही' म्हणतो तेव्हा दर वेळी ती मस्ती नसते. १९७४ चा फर्पा नावाचा कायदा आहे. विद्यार्थ्याच्या नोंदी, त्यात शिस्तभंगाच्या नोंदीही आल्या, कॉलेज त्याच्या संमतीशिवाय इतरांना उघड करू शकत नाही. म्हणजे त्या पत्रातली 'कारण तरी सांगा' ही मागणी चौदा पालकांनी केली काय आणि चाळीसांनी केली काय, कॉलेज ती मान्य करणारच नाही. कारण विचारायचा हक्क त्या मुलाचा. त्याने स्वतः मागावं.

दुसरं, संघातली जागा आणि स्कॉलरशिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक त्यांची सरमिसळ करतात. कोच जागा काढून घेऊ शकतो. पण मंजूर झालेली स्कॉलरशिप वर्षाच्या मध्ये मनाला येईल तशी तोडता येत नाही. गैरवर्तनासाठी तोडायची तर ते गैरवर्तन कॉलेजच्या नेहमीच्या शिस्तपालन यंत्रणेने ठरवलेलं असावं लागतं, आणि विद्यार्थ्याला अपिलाची संधी द्यावी लागते. तेही क्रीडा विभागाबाहेरच्या लोकांपुढे. त्या आईला आज एवढंच विचारा: स्कॉलरशिपबद्दल लेखी काही आलं आहे का? आलं असेल तर अपिलाची मुदत बघायला सांगा, ती थोडी असते. रडणं नंतर.

बाय द वे, तुमच्या मिनेसोटातच १९७२ मध्ये बास्केटबॉलच्या सामन्यात मोठी मारामारी झाली होती, ओहायो स्टेटविरुद्ध. दोन खेळाडूंना उरलेल्या मोसमासाठी बसवलं. ते कोर्टात गेले आणि न्यायाधीशांनी सांगितलं की आधी नीट सुनावणी द्या. म्हणून सरकारी विद्यापीठ असेल तर 'ऐकून घेतलं का?' हा प्रश्न विचारता येतो. खासगी असेल तर मुख्यतः त्यांच्याच नियमपुस्तिकेवर बोट ठेवावं लागतं.

हिमगौरी | बुधवार, सकाळी ११:१५

काळाकोट, खूप आभार. स्कॉलरशिपचं डोक्यातच आलं नव्हतं. लगेच फोन करते तिला.

खडकीकर | बुधवार, दुपारी १:०२

आमची हॉकी मातीवरची आणि नंतर टर्फवरची, तरी बोलतोच. बर्फ आम्ही फक्त उसाच्या रसात पाहिलाय.

मी खडकीत वाढलो, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीपासून दोन गल्ल्या पलीकडे. धनराज पिल्ले आमच्याच भागातला. डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉकच्या एशियाडला त्याच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्ण आणलं, १९६६ नंतर पहिल्यांदा, ३२ वर्षांनी. कोरियाविरुद्ध फायनल, टायब्रेकर, गोलात आशिष बल्लाळ. आमच्या चौकात त्या रात्री दिवाळी होती. आणि पुढच्या मालिकेचा संघ जाहीर झाला तर त्यात धनराज नाही! आणखीही काही जण नाहीत. कोच एम. के. कौशिक यांनाही घरी बसवलं. कौशिक म्हणजे १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधल्या सुवर्णपदक विजेत्या संघातला माणूस, कोणी आलतू-फालतू नव्हे. खेळाडूंना म्हणे 'विश्रांती' दिली. भत्त्यांवरून पोरांनी तोंड उघडलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे खडकीत 'विश्रांती' हा शब्द त्यानंतर कितीतरी दिवस विनोदासारखा वापरला जायचा. कारखान्यात कुणाला मेमो मिळाला तरी "विश्रांती दिली का रे?"

तेव्हा ताई, 'नियमभंग' हा शब्दही मला तसाच वाटतो. त्यामागे काहीही असू शकतं. म्हणून मी असतो तर सही केली असती. विचारायला काय जातं?

चार्ल्सकाठ | बुधवार, दुपारी १:३०

खडकीकर, ते फेडरेशनने केलं होतं आणि कोचच त्यात गेला. इथे कोचनेच केलंय. फरक आहे.

खडकीकर | बुधवार, दुपारी १:३४

ज्याची जागा गेली त्याला काय फरक, सांगा.

रुपेरी_वाळू | बुधवार, दुपारी ३:२०

पहिल्यांदाच लिहितेय. विदर्भातल्या एका विद्यापीठाकडून मी हॉकी खेळायचे, फुलबॅक. आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या आठ दिवस आधी मला संघातून काढलं. कसं कळलं? क्रीडा विभागाच्या नोटीस बोर्डावर सोळा नावांची यादी लागली होती. मी ती तीनदा वाचली. सरांना गाठलं तर ते स्कूटरला किक मारता मारता म्हणाले, "तुझं तुलाच माहीत." मला आजतागायत माहीत नाही.

तुमच्याकडे स्कॉलरशिप असते, आमच्याकडे प्रमाणपत्र. सवलतीचे गुण त्यावर, सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाची आशा त्यावर. आता मी बँकेत आहे, बरी आहे. पण अजून कुठे यादी लागली की माझं नाव मी खालून वर वाचत जाते.

फोडणीची_पोळी | बुधवार, दुपारी ३:४१

"तुझं तुलाच माहीत." अरे देवा.

नाकतोडा | बुधवार, संध्याकाळी ५:५५

आणखी एक कोन. ऑगस्ट २०२५ पासून कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगमधली पोरं अमेरिकन कॉलेजांत खेळायला पात्र झाली आहेत. आधी त्यांना व्यावसायिक समजून बंदी होती. वर मोठ्या कॉलेजांपैकी बहुतेकांना आता २६ खेळाडूंची मर्यादा. म्हणजे तयार, तगडी, वीस वर्षांची पोरं दारात उभी आणि आत जागा मोजक्या. अशा वेळी शून्य गोलवाल्या पोराचा 'नियमभंग' सापडणं कोचच्या किती सोयीचं! जानेवारीत त्या जागेवर कोण येतो ते बघा आणि मला सांगा.

शेवटची_शिफ्ट | बुधवार, रात्री ८:१५

मी टोरोंटोत तेरा वर्षांखालच्या मुलांना शिकवतो. पगार नाही, कॉफी मिळते. दरवर्षी निवड चाचणीनंतर वीसेक पोरांना 'नाही' सांगावं लागतं. नाकतोडा म्हणतात तशी सोय कोच लोक बघतात, नाही म्हणत नाही. पण ती रात्र कशी जाते ते विचारू नका.

अमेरिकन हॉकी कोच हर्ब ब्रुक्स यांची गोष्ट हिमगौरीताईंना मिनेसोटात राहून पाठ असेलच, बाकीच्यांसाठी सांगतो. १९६० चं हिवाळी ऑलिंपिक, स्क्वॉ व्हॅली. अमेरिकेच्या संघाचे प्रशिक्षक जॅक रायली, एरवी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचे कोच. अगदी शेवटच्या घटकेला त्यांनी हार्वर्डचा बिल क्लिअरी आणि त्याचा भाऊ बॉब यांना आत घेतलं, आणि जागा करण्यासाठी शेवटी कापलं ते ब्रुक्सना. अमेरिकेने सुवर्ण जिंकलं. ब्रुक्सनी ते घरी वडिलांबरोबर टीव्हीवर पाहिलं. वडील म्हणाले, कोचने बरोबर माणूस काढलेला दिसतोय. (बाप असावा तर असा, किंवा नसावा.)

वीस वर्षांनी, १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकला तेच ब्रुक्स अमेरिकन संघाचे कोच. दरम्यान मिनेसोटा विद्यापीठाला त्यांनी १९७४, १९७६ आणि १९७९ अशी तीन विजेतेपदं मिळवून दिली होती. आता त्यांना वीसच जण न्यायचे होते. शेवटचा कापला तो न्यू हॅम्पशायरचा राल्फ कॉक्स. आपण ज्या खुर्चीत बसलो होतो त्याच खुर्चीत दुसऱ्याला बसवायचं. त्या संघाचे सिनेमे निघाले, पण मी पोरांना 'नाही' सांगायला बसतो तेव्हा मला फक्त ती खोली आठवते.

म्हणून माझा नियम: यादी लावत नाही, ईमेल करत नाही. प्रत्येकाला बोलावून, आई-बापासमोर, एक कारण सांगतो. रुपेरी_वाळू, तुमच्या सरांना हे कोणीतरी शिकवायला हवं होतं.

बर्लिंग्टनचा_जुना | बुधवार, रात्री १०:३७

धागा वाचून पंचवीस वर्षं मागे गेलो. १९९९ च्या ऑगस्टमध्ये मी व्हर्माँट विद्यापीठात एमएसला आलो. बर्लिंग्टन, लेक शॅम्प्लेनच्या काठी. गावात करमणूक म्हणजे गटरसन फील्डहाउसमधली हॉकी. मार्टिन सेंट लुई आणि टिम थॉमस हे नावाजलेले हॉकीपटू तिथूनच गेलेले, त्यामुळे गाव वेडं.

त्या ऑक्टोबरमध्ये संघातल्या सीनियर मुलांनी नवख्यांची पार्टी केली. ज्याला आपण रॅगिंग म्हणतो तेच, आणि ओंगळ प्रकारचं. एका नवख्या गोलकीपरने तक्रार केली. त्याला पुढे संघातून वगळण्यात आलं. का, यावर दोन्ही बाजूंचं म्हणणं वेगळं होतं. त्याने डिसेंबरमध्ये दावा लावला. मग चौकशी, आणि चौकशीत बाकीची पोरं धडधडीत खोटं बोलली. जानेवारी २००० मध्ये अध्यक्षा ज्युडिथ रमाली यांनी उरलेला सगळा मोसमच रद्द केला. गटरसन अंधारात. आम्ही देशी पोरं तेव्हा चिडलो होतो, हातात तिकिटं होती! दावा नंतर तडजोडीने मिटला, आणि त्याच वर्षी व्हर्माँटने रॅगिंगविरुद्ध कायदा केला. गंमत म्हणजे महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा १९९९ चा. मी निघालो त्याच वर्षीचा, म्हणजे मला दोन्हीकडे उपयोग शून्य.

मुद्दा असा की, 'कोचने एका मुलाला काढलं' एवढ्या वाक्यात काहीच कळत नाही. काढला तो करणारा होता, सांगणारा होता, का नुसता सापडलेला? हिमगौरीताई, लेकाला 'सही करू का' विचारू नका. हे विचारा.

काळाकोट | बुधवार, रात्री १०:५०

+१. आणि रात्री विचारा, गाडीत. समोरासमोर पोरं बोलत नाहीत.

हिमगौरी | शुक्रवार, रात्री १२:३०

काल सामना होता, हरले. येताना लेकाला गाडीत विचारलं, जसंच्या तसं. बराच वेळ वायपरचाच आवाज. मग बोलला.

पार्टी झाली होती. हा मुलगा त्या वेळी घरात होता, पण ओतणारा वेगळा. पहिल्या वर्षाचा पोरगा ओकायला लागला तेव्हा यानेच त्याला गाडीत घालून इस्पितळात नेलं, सकाळपर्यंत बाहेर बसून राहिला. सोमवारी कोचने याला एकट्याला बोलावलं आणि विचारलं, पार्टी झाली का? हा म्हणाला, नाही. दुसऱ्यांदा विचारलं, तरी नाही. बाकीच्यांना वाचवायला.

"मग बाकीच्यांना विचारलं नाही का कोचने?"

"आम्हाला सगळ्यांना एकत्र विचारलं. आम्ही गप्प बसलो. खोटं तो एकटाच बोलला, आई."

"तू पण गप्प बसलास?"

"हो."

मी गाडी गॅस स्टेशनवर उभी केली. पेट्रोल भरायचं नव्हतं.

सही करणार नाहीये. त्या पत्रात लिहिलंय की मुलाने काहीच केलेलं नाही, आणि ते खरं नाही. त्याच्या आईला आज तसं सांगितलं. ती रागावली. स्कॉलरशिपचं लेखी काही आलेलं नाही, ते मात्र तिने माझ्याकडून दोनदा ऐकून घेतलं आणि लिहून ठेवलं. लेकाने कोचकडे जावं असं मी म्हटलेलं नाही. एवढंच विचारलं की जाणार आहेस का. "माहीत नाही" म्हणाला.

नाकतोडा | शुक्रवार, सकाळी ६:५८

माझं चौथ्या लाइनचं वाक्य मागे घेतो. निम्मं.

खडकीकर | शुक्रवार, सकाळी ९:१०

खोटं बोलला म्हणून काढला, हे समजू शकतो. पण इस्पितळात नेलं ते कोचला माहीत आहे का?

हिमगौरी | शुक्रवार, सकाळी ९:४५

मलाही तेच विचारायचं होतं. लेकाला माहीत नाही. त्या पोराने स्वतः सांगितलं नसणार, ते सांगायचं तर पार्टी झाली हे कबूल करावं लागलं असतं.

शेवटची_शिफ्ट | शुक्रवार, सकाळी १०:०२

हे तुमच्या लेकाने कोचला सांगायला हवं. पार्टीचं नाही तर निदान इस्पितळाचं.

हिमगौरी | शनिवार, दुपारी ४:२०

लेक सकाळी सांगून गेला की रिंकवर जातोय. आज सराव नाही. बाकी मी विचारलं नाही.

त्या पोराची हॉकीची बॅग पंधरा दिवसांपासून आमच्या गॅरेजमध्ये पडली आहे, स्टिक्ससकट. उद्या त्याच्या घरी नेऊन देणार आहे, तीन तासांचा रस्ता. वरणाचा डबापण नेईन. गॅरेजमध्ये वासाने उभं राहवत नाही, बॅग उघडून धुऊ का तशीच देऊ?

शेवटची_शिफ्ट | शनिवार, दुपारी ४:३१

उघडू नका!! काचा खाली करून गाडी चालवा. डब्याला मात्र दोन पिशव्या घाला.